खिडकीतली पाडवा पहाट

"मामा, खिडकीतलं गाणं मोबाइलच्या आधी येतंय!"

दिवाळीला आलेला भाचा पाडव्याच्या पहाटे असं ओरडला, तेव्हा मी दात घासत होतो. पिंपळपारावर पाडवा पहाट सुरू झाली होती. नेहरू चौकातला हा पार पंचवटीतल्या आमच्या घरापासून सरळ रेषेत, गंगेपलीकडे, किलोमीटरभर असेल. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) भाचा गादीत लोळत कार्यक्रम मोबाइलवर लाइव्ह बघत होता. आईने गॅलरीचं दार उघडलं आणि तोच अभंग बाहेरून आत आला, पण मोबाइलच्या पंधरा-वीस सेकंद पुढचा.

हे कोडं सोपं आहे. आवाजाला किलोमीटर तोडायला जेमतेम तीन सेकंद लागतात. मोबाइलवरच्या 'लाइव्ह'चे आधी तुकडे होतात, ते दाबून लहान केले जातात, कुठल्यातरी सर्व्हरवर जाऊन परत येतात आणि फोन त्यातले चार-दोन साठवल्याशिवाय दाखवायला सुरुवातच करत नाही. प्रकाशाच्या वेगाने धावणारी गोष्ट हवेतून रमतगमत येणाऱ्या आवाजाकडून हरते ती या मुक्कामांमुळे.

मला छळणारं कोडं वेगळं होतं. तो आवाज आमच्यापर्यंत पोचलाच कसा? त्याच बाजूला दुपारी चार वाजता ढोल बडवले तरी आमच्या गॅलरीत धड कळत नाही.

"पहाटे शांतता असते म्हणून," असं कुणीही सांगेल. ते खरंच आहे, पण अर्धंच. दिवाळीत फिरणाऱ्या एका फॉरवर्डनुसार ब्रह्ममुहूर्तावर वातावरणात सात्त्विक लहरी असतात, म्हणून भूप-भैरव दूरवर जातात, आणि हे 'नासाने सिद्ध केलंय'. नासाला दुसरी कामं आहेत. शिवाय या लहरी सात्त्विक असतील तर रात्री उशिरा वाजणारा डीजेही तितक्याच दिमाखात कोसभर कसा पोचतो?

खरं कारण आहे थंडी. थंडीपेक्षाही, ती कुठे बसलीय हे महत्त्वाचं.

एरवी वर जावं तशी हवा गार होते. पण दिवाळीच्या सुमारास आकाश निरभ्र असतं, वारा पडलेला असतो. रात्रभर जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते आणि तिला चिकटलेली हवाही गारठते. गार हवा जड, ती उतारावरून ओघळत नदीच्या खोलगट पात्रात साचते. मग खाली गार आणि वर त्यामानाने उबदार असा उलटा थर तयार होतो. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात आणि द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, त्यामागेही रात्रीचं हेच गारठणं असतं. लक्ष्मीपूजनाचा फटाक्यांचा धूर सकाळपर्यंत गल्लीत लोंबकळत राहतो, तोही याच झाकणाखाली.

आता आवाजाकडे येऊ. हवेत आवाजाचा वेग तापमानावर ठरतो. शून्य अंशाला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर, आणि पुढे दर अंशाला ०.६ मीटरची भर. समजा जमिनीलगत १५ अंश आहे आणि ५० मीटर उंचीवर १८. म्हणजे खाली वेग ३४०, वर ३४२ च्या आसपास. दोन मीटरही पुरता फरक नाही! पण तेवढ्यावर सगळा खेळ उभा आहे.

ढोल पथक कोपऱ्यावर वळताना आठवा. रांग सरळ ठेवायची तर आतल्या कडेचा वादक जवळजवळ जागच्या जागी पावलं टाकतो आणि बाहेरचा लांब ढांगा टाकतो. रांग आपोआप हळू चालणाऱ्याच्या बाजूला वळते. आवाजाची लाट म्हणजे अशीच एक उभी रांग. वरचं टोक उबदार हवेत भरभर चालतं, खालचं गार हवेत रेंगाळतं, आणि सगळी लाट जमिनीकडे झुकते. दुपारी उलट. तापलेल्या जमिनीलगत वेग जास्त, म्हणून लाट वर वळून आकाशात निघून जाते आणि काही अंतरानंतर खाली आवाजाची चक्क सावली पडते. डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसतं तेव्हा प्रकाशही असाच वर वळलेला असतो.

इथे थोडं गणित करतो, नको असेल त्याने पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. वेगाला त्याच्या उंचीनुसार बदलण्याच्या दराने भागलं की वळणाची त्रिज्या मिळते. ५० मीटरमध्ये १.८ म्हणजे दर मीटरला ०.०३६, आणि ३४० भागिले ०.०३६ म्हणजे साडेनऊ किलोमीटरच्या आसपास. एवढ्या मोठ्या वर्तुळाचा एक किलोमीटरचा तुकडा घेतला तर त्याची कमान मध्यभागी १३ मीटर उंच येते. म्हणजे स्पीकरमधून जेमतेम तीन अंश वर निघालेला आवाज चार मजली इमारतीवरून उडी मारून बरोबर आमच्या गॅलरीत उतरणार! मधली घरं आणि वाडे त्याच्या वाटेत येतच नाहीत. हा हिशेब कागदावर जमला तेव्हा माझा चहा गार झाला होता.

हे काही माझं संशोधन नव्हे. पाइपातल्या पाण्याच्या प्रवाहासाठी ज्याचा अंक इंजिनिअरिंगची पोरं पाठ करतात, त्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने हवेतल्या आवाजाचं हे वळणं १८७४ मध्येच मांडलं होतं. वाऱ्यामुळेही आवाज असाच वळतो, हे तर जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने त्याच्याही आधी, १८५७ मध्ये सांगितलं.

अजून एक गंमत आईने पकडली. "सूर येतोय, शब्द काही लागत नाहीत." अगदी बरोबर. हवा सगळे आवाज सारखे खात नाही. (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आकडा मोठा तितका आवाज बारीक; डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप.) तबल्याच्या डग्ग्यासारख्या १००-१२५ हर्ट्झच्या घुमाऱ्याला किलोमीटरमागे अर्ध्या डेसिबलच्या आसपास फटका बसतो, १००० हर्ट्झला चार-पाच डेसिबलचा, आणि ४००० हर्ट्झला वीसहून अधिक. वीस डेसिबल म्हणजे ऊर्जेचा शंभरावा हिस्सा उरला. आणि स, श, च, ट ही शब्दाला धार देणारी व्यंजनं तिकडेच, वरच्या पट्टीत राहतात. म्हणून नदी ओलांडून आलाप आला, 'आ'कार आला, डग्गा आला. अभंग कुठला, ते भाच्याच्या मोबाइलने सांगितलं.

टीव्हीवरच्या दिवाळी विशेष कार्यक्रमांना यातलं काहीच लागू होत नाही. ते कधीच चित्रित होऊन पडलेले असतात, थंडी असो की ऊन, सारखेच ऐकू येतात. प्रायोजकाचं नावसुद्धा.

तर साडेआठच्या सुमारास खिडकीतलं गाणं विरत विरत बंद झालं. मी म्हटलं, संपली पहाट. भाच्याने फोन पुढे केला. तिकडे गायिका भैरवी आळवत होती आणि समोर गर्दी बसलेली. ऊन जमिनीवर येऊन तासभर होऊन गेला होता, गल्लीतला धूरही तेवढ्यातच उचलला होता. थर मोडला आणि कमानीही मोडल्या, असं मी छाती फुगवून सांगितलं.

"आणि रिक्षा सुरू झाल्या त्याचं काय?" भाचा म्हणाला.

हे मात्र खरं होतं. आवाज आमच्यापर्यंत पोचेनासा झाला की गोंगाटात बुडाला, हे नुसत्या कानाने ठरवता येत नाही. म्हणून पुढच्या पाडव्याला दोन थर्मामीटर आणायचं ठरलंय, एक गेटपाशी आणि एक गच्चीवर. आमच्या चार मजल्यांत फरक अंशाहूनही कमी पडायचा, त्यामुळे आदल्या रात्री दोन्ही एकाच बादलीत बुडवून त्यांच्यातली चूक आधी मोजावी लागेल. पहाटे पाचपासून दर पंधरा मिनिटांनी नोंद घ्यायची. गच्चीचे जिने भाच्याकडे दिलेत.