फार्मासिस्टने रुग्णाशी बोलावं का? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा रुग्ण डॉक्टरला अधूनमधून भेटतो, पण गोळ्या संपल्या की औषधाच्या दुकानात त्याला यावंच लागतं. गोळ्या वेळेआधी किंवा उशिरा संपतायत, दोन डॉक्टरांनी एकच औषध वेगवेगळ्या नावांनी लिहून दिलंय, हे सर्वांत आधी काउंटरमागच्या फार्मासिस्टच्या लक्षात येऊ शकतं. तरीही प्राथमिक उपचारांत त्याला जागा मिळायला फार उशीर लागला.

तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने सिसिलीच्या राज्यात वैद्य आणि औषध बनवणारे यांचे व्यवसाय कायद्याने वेगळे केले. लिहून देणाऱ्याला विक्रीत रस नसावा, हा विचार योग्यच होता. पण ही विभागणी सगळीकडे सारखी टिकली नाही. लंडनमध्ये वैद्यकी केल्याबद्दल विल्यम रोझ या अपोथेकरीवर (औषधं बनवून विकणाऱ्यावर) खटला झाला आणि १७०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, त्याच्या बाजूने निकाल दिला. तिथले अनेक अपोथेकरी पुढे डॉक्टरकीकडे वळले, दुकान केमिस्टकडे आलं.

विसाव्या शतकात औषधं कारखान्यात बनू लागली. खल-बत्ता गेला, गोळ्या मोजणं आणि लेबल लावणं एवढंच हाती उरलं. अमेरिकन फार्मासिस्ट संघटनेच्या १९५२ च्या आचारसंहितेने तर स्पष्टच सांगितलं की, चिठ्ठीतल्या औषधात काय आहे आणि त्याचा परिणाम काय, याची चर्चा फार्मासिस्टने रुग्णाशी करू नये. विचारलंच तर डॉक्टरकडे पाठवावं. या इतिहासातलं मला सर्वांत जास्त खटकणारं कलम हेच. ज्याचं सारं शिक्षण औषधांचं, त्यालाच औषधाबद्दल गप्प बसवलं. हे कलम १९६९ पर्यंत टिकलं. त्याच काळात, १९६० मध्ये, व्हर्जिनियातल्या बेरीव्हिलच्या यूजीन व्हाइट यांनी मात्र दुकानातली इतर विक्री बंद केली, दवाखान्यासारखी मांडणी केली आणि रुग्णांच्या औषधांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली.

१९७३ मध्ये डेट्रॉइटमधल्या रक्तदाबाच्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फार्मासिस्ट नियमित भेटत होता तोवर गोळ्या वेळेवर घेतल्या गेल्या, रक्तदाबही आटोक्यात राहिला. भेटी थांबल्यावर ही सुधारणा ओसरली. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो: आजार कायमचा, तर सोबतही कायमची लागते.

१९९० मध्ये हेपलर आणि स्ट्रँड या अमेरिकन फार्मसी-प्राध्यापकांनी ‘फार्मास्युटिकल केअर’ची मांडणी केली. औषध हातात दिलं की जबाबदारी संपत नाही, त्याचा गुण येतो की नाही हेही फार्मासिस्टने पाहायचं, असा तिचा आशय. पण त्यासाठी फार्मासिस्टने दिलेल्या वेळेचे पैसे कोण देणार? नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिल शहराने १९९० च्या दशकात आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांसाठी ते दिले. साखर सुधारली, आजारपणाच्या रजा घटल्या. औषधांवरचा खर्च वाढला तरी एकूण खर्च उतरला. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, ही त्या प्रयोगाची उणीव मान्य करायला हवी.

इंग्लंडने औषधांच्या दुकानांशी केलेल्या २००५ च्या करारात औषध-आढाव्यासाठी, म्हणजे रुग्ण घेत असलेल्या औषधांबद्दल त्याच्याशी बसून बोलण्यासाठी, मोबदला ठेवला. मोबदला दर आढाव्यामागे, वर्षाला एका दुकानाला ४०० ची मर्यादा. मग आकडा गाठण्याकडेच लक्ष जातं अशी टीका झाली आणि २०२१ मध्ये ही सेवा बंद झाली. त्याच वर्षी दुकानात रक्तदाब तपासण्याची नवी सेवा आली.

सर्वांत पुढे गेला तो कॅनडाचा अल्बर्टा प्रांत. तिथे २००७ पासून पात्र फार्मासिस्ट स्वतः औषध लिहून देऊ शकतात, रक्ताच्या तपासण्या सांगू शकतात, त्यांचे अहवाल पाहू शकतात. २०१२ पासून दीर्घकालीन रुग्णाची उपचार-योजना आखण्याचे आणि पाठपुराव्याचे पैसे सरकार देतं. २०१५ मध्ये तिथल्याच २४८ रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. फार्मासिस्टने औषधं लिहून दिलेल्या गटात वरचा रक्तदाब सरासरी १८.३ अंकांनी उतरला होता, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ११.८ ने.