पोष ग्रंथीचे शस्त्रक्रियोत्तर एमआरआय

मेंदूच्या तळाशी असलेल्या, संप्रेरके स्रवणाऱ्या पोष (पीयूषिका) ग्रंथीतील अर्बुद (गाठ) काढल्यावर त्याचा अवशेष, निरोगी ग्रंथीची जागा आणि दृष्टितंत्रिकांवरील दाब पाहण्यासाठी केलेले चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन. बहुतेक अर्बुदे नाकावाटे, जतुकास्थीच्या (नाकामागील कवटीच्या हाडाच्या) कोटरातून काढतात. या मार्गाने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया ऑस्ट्रियन शल्यचिकित्सक हेरमान श्लोफर यांनी १९०७ मध्ये केली, असे सामान्यतः मानतात.

पहिले चित्रण केव्हा करावे, याबाबत मतभेद आहेत. काहींच्या मते पहिल्या ७२ तासांत करावे, कारण जखम भरणारी ऊती तोवर तयार झालेली नसते. मात्र त्या वेळी अर्बुद काढलेल्या खळग्यात तो बुजवण्यासाठी भरलेली चरबी, जिलेटिनचा स्पंज, रक्त व सूज असते आणि खळगा जवळजवळ पूर्वीइतकाच भरलेला दिसू शकतो. तेवढ्यावरून अर्बुद राहिले, असे रुग्णाला सांगू नये. पुढील तुलनेचा पाया म्हणून सुमारे तीन महिन्यांनंतरचे चित्रण अधिक भरवशाचे. दृष्टी अचानक ढासळल्यास अर्थातच थांबत नाहीत.

गॅडोलिनियम (ऊती उजळ दाखवणारे द्रव्य) टोचण्यापूर्वीच्या टी-१ प्रतिमेत (एमआरआयच्या एका प्रकारात) तीन गोष्टी पांढऱ्या दिसतात : पोटाची वा मांडीची भरलेली चरबी, काही दिवसांचे रक्त आणि ग्रंथीचा पश्च (मागचा) खंड. चरबीचा संकेत दाबणाऱ्या प्रतिमेत चरबी काळवंडते, उरलेल्या दोन्ही तशाच राहतात. रक्ताचा पांढरेपणा कालांतराने ओसरतो. ग्रंथीला मेंदूशी जोडणाऱ्या देठाला इजा झाली असल्यास पश्च खंडाचा ठिपका देठाच्या वरच्या टोकाशी सरकलेला आढळतो. हा ठिपका पेशींतील मेदामुळे उमटतो, असे पूर्वी काहींचे मत होते. व्हॅसोप्रेसीन (लघवीचे प्रमाण आवरणारे संप्रेरक) साठवणाऱ्या कणिकांचे कारण आता अधिक ग्राह्य वाटते, कारण मेद दाबूनही तो मावळत नाही आणि मूत्रातिसारात (डायबेटिस इन्सिपिडस; या संप्रेरकाच्या अभावी फार लघवी होणे) बहुधा दिसत नाही. काही निरोगी व्यक्तींतही तो नसतो, म्हणून केवळ त्याच्या अभावावरून निदान करीत नाहीत.

गॅडोलिनियमनंतर निरोगी ग्रंथी लवकर व ठळक उजळते, अर्बुद सावकाश. खळग्याच्या कडेची पातळ, सलग उजळ रेषा बहुधा भरत्या जखमेची असते. गाठीसारखा, पुढील चित्रणांत वाढणारा भाग संशयास्पद. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीची फिल्म शेजारी लावूनच वाचन करावे. छेद २ ते ३ मिमी. जाडीचे घेतात. ग्रीवा रोहिणीभोवतालच्या कॅव्हर्नस सायनसमधील (ग्रंथीच्या दोन्ही बाजूंच्या नीलाकोटरातील) अवशेष ओळखणे सर्वांत अवघड.

संप्रेरके स्रवणाऱ्या अर्बुदांत निर्णय रक्ततपासणीवर ठरतो : कुशिंग रोगात (पोष ग्रंथीच्या अर्बुदामुळे कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढणाऱ्या रोगात) चित्रण स्वच्छ असूनही कॉर्टिसॉल चढलेले राहू शकते.