वृत्तसंकलनातील हेलिकॉप्टर : युरोप

घटनास्थळाचे आकाशातून चित्रण करून ते दूरचित्रवाणी केंद्राकडे शक्यतो थेट पाठवण्यासाठी सज्ज केलेल्या हेलिकॉप्टरला वृत्त-हेलिकॉप्टर म्हणतात. या प्रकारातील पहिले यंत्र म्हणून लॉस अँजेलिसच्या केटीएलए केंद्राचे ‘टेलिकॉप्टर’ सर्वसाधारणपणे मानले जाते. जॉन सिल्वा या अभियंत्याने ते जुलै १९५८ मध्ये बेल ४७ जातीच्या हेलिकॉप्टरवर उभारले.

युरोपातील आरंभ कोठे धरावा, हे व्याख्येवर अवलंबून आहे. केवळ स्थिर हवाई चित्रणाला महत्त्व दिल्यास मान फ्रान्सकडे जातो. दिग्दर्शक आल्बेर लामोरिस यांनी ‘एलिव्हिजन’ ही कंपने शोषून घेणारी कॅमेऱ्याची बैठक तयार केली आणि १९६० च्या आपल्या चित्रपटात ती वापरली. (जून १९७० मध्ये इराणात चित्रीकरण करत असतानाच हेलिकॉप्टरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला.) १९५५ मध्ये प्रथम उडालेल्या ‘अलुएत २’ या हेलिकॉप्टरला पिस्टन इंजिनाऐवजी टर्बाइन इंजिन असल्याने त्याचा थरथराट कमी होता, हेही या प्रगतीचे एक कारण होय. तथापि चित्र घेण्यापेक्षा ते तत्काळ खाली पोहोचवणे ही बातमीची खरी अडचण असल्यामुळे, युरोपीय वृत्त-हेलिकॉप्टरचे मूळ चित्रपटापेक्षा सायकल शर्यतींच्या थेट प्रक्षेपणात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

‘तूर द फ्रान्स’सारख्या शर्यतीत मोटारसायकलवरील कॅमेऱ्याचा सूक्ष्मतरंग संदेश डोंगर आड आल्यास तुटतो. म्हणून तो आधी वर घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरने झेलायचा, तेथून अधिक उंचीवरील विमानाकडे द्यायचा आणि विमानाने अंतिम रेषेजवळच्या वाहनावर उतरवायचा, अशी साखळी रूढ झाली. ही साखळी हवामानावर अवलंबून असते. २४ मे २०२१ रोजी जिरो द’इटालिया या इटलीतील सायकल शर्यतीच्या कोर्तिना येथे संपणाऱ्या टप्प्यात पाऊस व ढगांमुळे ती तुटली आणि जाऊ खिंडीवरील सायकलपटू एगान बेर्नालची निर्णायक चढाई प्रेक्षकांना थेट दिसलीच नाही. वृत्त-हेलिकॉप्टरमध्ये हीच साखळी आखूड होते. नाकाखाली टांगलेल्या गोलात जायरोस्कोपने स्थिर केलेला कॅमेरा असतो, आत बसलेला कॅमेराचालक तो दांडीने फिरवतो आणि संदेश थेट उंच मनोऱ्यावरील संदेशग्राहक यंत्राकडे (रिसीव्हर) जातो. यासाठी एकइंजिनी ‘एक्युरॉय’ हेलिकॉप्टर (प्रथम उड्डाण १९७४) आणि त्याची दुइंजिनी आवृत्ती यांचा वापर बराच झाला.

अमेरिकेत शहरागणिक वाहिन्यांची स्वतःची हेलिकॉप्टरे असतात. युरोपात ती बहुधा गरजेपुरती भाड्याने घेतली जातात. खर्चाइतकेच नियमही याला कारणीभूत असावेत. युरोपीय संघाच्या २०१२ च्या हवाई नियमांनुसार दाट वस्तीवरून उडताना ६०० मीटर परिघातील सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा किमान ३०० मीटर वर राहावे लागते. मध्य लंडनवर एकइंजिनी हेलिकॉप्टरांना मुख्यतः थेम्स नदीच्या कडेने आखलेले मार्ग धरावे लागतात, म्हणून तेथे दुइंजिनी यंत्रांना पसंती मिळाली.

या साधनाचे सामर्थ्य आणि धोका दोन घटनांत स्पष्ट दिसतात. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेतील उतोया बेटावर ६९ जणांची हत्या होत असताना एनआरके या नॉर्वेच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे हेलिकॉप्टर पोलीस बेटावर उतरण्यापूर्वीच वर पोहोचले होते; ऑस्लो पोलिसांच्या हेलिकॉप्टरचे कर्मचारी त्या वेळी सुटीवर होते. दुसरी घटना ऑगस्ट २०१४ मधील असून तीत बीबीसीने गायक क्लिफ रिचर्ड यांच्या बर्कशरमधील निवासस्थानाच्या पोलीस झडतीचे हेलिकॉप्टरमधून चित्रण केले. रिचर्ड यांना पुढे ना अटक झाली ना त्यांच्यावर आरोप ठेवला गेला. जुलै २०१८ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मान यांनी हा खाजगीपणाचा भंग ठरवून २,१०,००० पौंड भरपाई दिली; त्यातील २०,००० पौंड ही बातमी पुरस्कारासाठी पाठवल्याबद्दल वाढवलेले होते.

अलीकडे जवळचे चित्रण ड्रोनकडे सरकत आहे. मात्र ३१ डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या युरोपीय नियमांच्या खुल्या (पूर्वपरवानगी न लागणाऱ्या) वर्गात ड्रोनला १२० मीटरची मर्यादा असून जमलेल्या गर्दीवरून उडण्यास मनाई आहे, त्यामुळे मोठे मोर्चे, महापूर आणि लांबवरचा पाठलाग यांसाठी हेलिकॉप्टरची गरज उरते.