वस्तीतली काळजीसेवा: गरज ठरवणारा वेगळा, सेवा देणारा वेगळा

वृद्ध, अपंग आणि मानसिक आजार असलेल्यांना संस्थेत न ठेवता वस्तीतच सांभाळणे ही नवी गोष्ट नाही. बेल्जियममधल्या गील गावात मनोरुग्णांना घरी ठेवून घेण्याची रीत मध्ययुगापासूनची आहे. जर्मनीतल्या एल्बरफेल्ड शहराने 1853 मध्ये गरिबांची जबाबदारी स्वयंसेवकांवर सोपवली. एकाकडे जास्तीत जास्त चार कुटुंबे, मदत 14 दिवसांची, पुढची मदत पुन्हा घरी जाऊन पाहिल्यावरच.

आजची घडी मात्र बरीचशी ब्रिटनच्या 1990 च्या कायद्याने बसवली आणि त्यातला एक निर्णय अजून वादाचा आहे. एप्रिल 1993 पासून स्थानिक प्रशासनाने गरज तपासायची आणि सेवा बाहेरून विकत घ्यायची, असे ठरले. इंग्लंडमध्ये सामाजिक सुरक्षेतून यासाठी वळवलेल्या निधीपैकी 85 टक्के रक्कम बिगरसरकारी पुरवठादारांवरच खर्च करायची अट होती. त्याआधी जी सेवा हाताशी असेल तीच माणसाच्या माथी मारली जायची, हा या बदलाच्या समर्थकांचा आक्षेप रास्तच होता. पण सेवा विकत घ्यायची तर ती मोजावी लागते, आणि मोजमाप मिनिटांवर आले. 15 मिनिटांच्या भेटीत दार उघडून आत जायचे, हात धुवायचे, गोळ्या द्यायच्या, कपडे बदलायचे, खाणे गरम करायचे आणि नोंद लिहायची. सांधे आखडलेल्या माणसाला नुसते उठून बसायलाच पाच मिनिटे लागतात. मग खाणे समोर ठेवून निघावे लागते. ते पोटात गेले का, हे कुणीच पाहत नाही. दोन घरांमधल्या प्रवासाचा वेळ अनेक कंत्राटांनी धरलाच नाही.

इंग्लंडमध्ये 2003 मध्ये गरजांच्या गंभीरतेनुसार चार पायऱ्या ठरल्या. पैसा आटला तशी बऱ्याच ठिकाणी वरच्या दोनच पायऱ्यांना सेवा उरली. सोबत, बाजारहाट, दवाखान्यात नेणे ही खालची कामे मुदतबंद अनुदानावरच्या वस्ती-प्रकल्पांकडे आली. खरे तर माणूस अंथरुणाला खिळू नये म्हणून हीच कामे आधी व्हायला हवीत. अनुदान नव्या उपक्रमाला सहज मिळते, समन्वयकाच्या पगाराला मिळत नाही. समन्वयक गेला की स्वयंसेवक पांगतात. लाभार्थ्यांच्या आकड्यावर हप्ता ठरत असेल तर दार न उघडणारा एकटा माणूस यादीतून आधी गळतो.

इंग्लंडमधल्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनी अर्ध्या तासाहून छोटी घरभेट अपवादापुरती ठेवली, पण त्या सक्तीच्या नव्हत्या. याउलट नेदरलँड्समधल्या बुर्टझोर्ग या संस्थेत 2006 पासून 12 जणींपर्यंतच्या परिचारिका-टीम गरजही ठरवतात, सेवाही देतात आणि पाळ्याही स्वतःच लावतात.