'मिनी-माल' नावाचा मोठा बोर्ड

नवशिक्याला वेगळा सर्फबोर्ड लागतो, ही समजूत जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षांची. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुरलेला सर्फर आणि पहिल्यांदा लाटेवर उभं राहू पाहणारं पोर, दोघांच्याही पायाखाली नऊ-दहा फुटी बोर्डच असे. १९६७ नंतर दोन-चार वर्षांत बोर्ड सहा-सात फुटांवर आले. चपळ वळणं घेणाऱ्यांची चैन झाली, शिकणाऱ्यांची पंचाईत. आखूड, निमुळता बोर्ड हातांनी वल्हवताना वेग धरत नाही. तो वेग येईपर्यंत लाट पुढे निघून गेलेली असते.

यातूनच 'मिनी-माल' हा मधल्या लांबीचा बोर्ड आला, आणि हा शब्द अजूनही घोळ घालतो. 'माल' म्हणजे मालिबू. कॅलिफोर्नियातल्या या किनाऱ्याचं नाव बाल्सा लाकडावर फायबरग्लास चढवलेल्या हलक्या बोर्डांना चिकटलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या निमित्ताने आलेल्या अमेरिकन जीवरक्षकांनी ते ऑस्ट्रेलियात नेले. तिथे तेव्हा प्लायवूडचे पोकळ, लांबलचक बोर्ड चालत. त्यांच्यापुढे मालिबू आखूड दिसला. पुढे तोच लांब ठरला आणि त्याच्या सात-आठ फुटी भावंडाला 'मिनी' म्हणू लागले. आजच्या सहा फुटी बोर्डाशेजारी हा 'मिनी' चांगलाच थोराड दिसतो! अमेरिकेत साधारण अशाच बोर्डाला 'फनबोर्ड' म्हणतात. तेव्हा नाव सोडा, फूट-इंच विचारा.

१९७० च्या दशकात पायाला बांधायची दोरी, म्हणजे लीश, रूढ झाली. त्याआधी पडलं की बोर्डामागे किनाऱ्यापर्यंत पोहत जावं लागे. मऊ फोमचे बोर्डही त्याच दशकातले. जाणत्यांनी त्यांना बरीच वर्षं खेळण्यात काढलं, पण डोक्यावर आदळले तरी कमी लागतं, हे शिकवणाऱ्यांना पटलं. आता वर्गांत बहुधा आठ फुटी फोमच दिसतो.

संगणकावर बोर्ड आखले जाऊ लागल्यावर लिटरचा, म्हणजे बोर्डाच्या घनफळाचा, आकडा पुढे आला. नवशिक्याने निदान वजनाच्या किलोंइतके लिटर घ्यावेत, असा ठोकताळा सांगतात. माझ्या मते त्याला जरा जास्तच भाव मिळालाय. तेवढेच लिटर जाड-अरुंद बोर्डातही मावतात आणि पातळ-रुंद बोर्डातही. उभं राहताना कमी डुगडुगतो तो रुंदच.