तलवार खेळाडूची, सर्व्हर कंपनीचा: ऑनलाइन गेममधल्या ब्लॉकचेन-वादाची पार्श्वभूमी

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेली सामायिक नोंदवही, थोडक्यात ‘साखळी’. गेममधल्या वस्तूंची मालकी तिच्यात नोंदवणाऱ्या ब्लॉकचेन गेमचे समर्थक म्हणतात, खेळाडूला आपल्या वस्तूंची मालकी पहिल्यांदाच मिळाली. विरोधक म्हणतात, खेळाच्या मैदानात पैशांचा बाजार पहिल्यांदाच घुसला. यातला एकही ‘पहिल्यांदाच’ खरा नाही.

‘अल्टिमा ऑनलाइन’ १९९७ मध्ये आला आणि थोड्याच काळात त्यातलं सोनं, घरं, अख्खी खाती ईबेवर लिलावात निघू लागली. १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’चंही तेच झालं. शेवटी जानेवारी २००१ मध्ये तो गेम चालवणाऱ्या सोनीच्या मागणीवरून ईबेने त्या गेमच्या वस्तूंचे लिलाव काढून टाकले. कंपन्यांची भूमिका तेव्हाही आजच्यासारखीच होती: तलवार म्हणजे आमच्या डेटाबेसमधली एक ओळ, खेळाडूला ती वापरायचा फक्त परवाना. त्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी खेळाडूंच्या या व्यवहारांवरून हिशेब मांडून दाखवलं, की ‘एव्हरक्वेस्ट’च्या काल्पनिक जगाचं दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान येतं.

बंदीने बाजार थांबला नाही, आडबाजूला गेला. आयजीई नावाची कंपनी गेममधल्या चलनाची घाऊक दलाली करू लागली आणि २००६ मध्ये गोल्डमन सॅक्सने तिच्यात पैसे घातले. तिचा संस्थापक ब्रॉक पिअर्स पुढे टेथर या क्रिप्टोचलनाच्या सहसंस्थापकांत सापडतो. गेमचा चोरबाजार आणि क्रिप्टो यांच्यातली येजा इतकी जुनी आहे.

बाजार आपणच चालवला तर? ब्लिझर्ड या गेम कंपनीने २०१२ मध्ये ‘डायब्लो ३’मध्ये हे करून पाहिलं. खऱ्या पैशांचं लिलावघर, शस्त्र किंवा चिलखताच्या प्रत्येक विक्रीमागे १ डॉलर फी, सुट्या मालावर आणि पैसे बाहेर काढण्यावर १५ टक्के, एका वस्तूची कमाल किंमत २५० डॉलर. व्यवहार सुरक्षित होते, तरी खेळ बिघडला. या गेमचा सगळा जीव ‘राक्षस मेल्यावर काय पडेल’ या उत्सुकतेत आहे. लाखो खेळाडूंना मिळालेला माल एकाच बाजारात आला, की आपल्या राक्षसाकडून पडणारी वस्तू बाजारातल्या वस्तूपेक्षा सरस असण्याची शक्यता जवळजवळ शून्य होते. मग राक्षस मारण्यापेक्षा याद्या चाळणं फायद्याचं ठरतं. त्यात मे २०१३ च्या १.०.८ या अपडेटमधल्या चुकीमुळे काहींना सोन्याच्या नकला पाडता आल्या आणि लिलावघर काही काळ बंद ठेवावं लागलं. १८ मार्च २०१४ रोजी ते कायमचं बंद झालं; बहुतेक चांगल्या वस्तू खात्याशी बांधून टाकल्या गेल्या. ब्लॉकचेनला विरोध करणारे गेम डिझायनर आज जे बोलतात, त्यातलं निम्मं इथून आलेलं आहे.

इथेरियम या ब्लॉकचेनच्या मुळाशीही एक गेमच असल्याची कथा आहे. तिचे जनक व्हिटालिक ब्युटेरिन यांनीच लिहिलं आहे, की ते २००७ ते २०१० ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळत आणि ब्लिझर्डने त्यांच्या लाडक्या वॉरलॉक या पात्राच्या ‘सायफन लाइफ’ मंत्रातला इजा करणारा भाग काढून टाकला तेव्हा ते रडत झोपले. केंद्रीकृत सेवा काय करू शकतात हे त्या दिवशी कळलं. किस्सा थोडा चेष्टेचा असेल, पण नीट पाहा. ब्लिझर्डने त्यांची वस्तू काढून घेतली नव्हती, मंत्राचा नियम बदलला होता. त्या मंत्राचं टोकन, म्हणजे साखळीवरची मालकीची नोंद, त्यांच्या वॉलेटमध्ये (डिजिटल पाकिटात) असतं, तरी नियम बदललाच असता. ‘मालकी’ आणि ‘नियम’ यांची ही गल्लत पुढच्या सगळ्या वादात टिकून राहिली.

नोंदवहीत नेमकं काय असतं

एनएफटी (प्रत्येक वेगळं असलेलं टोकन) म्हणजे साखळीवरच्या कराराचा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामचा, पत्ता, त्या करारातला टोकनचा क्रमांक आणि मालकाच्या वॉलेटचा पत्ता. सोबत बहुधा एक दुवा, जो नाव, गुणधर्म आणि चित्र असलेल्या फाइलकडे नेतो. ती फाइलही पुष्कळदा साखळीबाहेर असते. तलवारीचं त्रिमितीय मॉडेल, टेक्स्चर, अॅनिमेशन, एका घावाने किती इजा होते तो आकडा, हे सगळं स्टुडिओच्या फाइल्समध्ये आणि सर्व्हरवर राहतं.

वापर असा होतो: खेळाडू वॉलेट जोडतो आणि एका संदेशावर डिजिटल सही करून तो पत्ता आपलाच असल्याचं सिद्ध करतो. सर्व्हर साखळीवरची नोंद वाचतो. टोकनचा क्रमांक स्वतःच्या तक्त्यातल्या वस्तूशी जुळवतो आणि ती वस्तू गेममध्ये दाखवतो. पहिल्या पायऱ्या खेळाडूच्या हातात, शेवटच्या दोन पूर्णपणे स्टुडिओच्या मर्जीवर. कागदावर मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा, असा हा मामला.

‘एका गेममधली तलवार दुसऱ्या गेममध्ये न्या’ हे आश्वासन इथेच अडखळतं. दुसऱ्या गेममधल्या पात्राचा सांगाडा वेगळा असतो, हाडांची नावं वेगळी, बहुभुजांची मर्यादा वेगळी, मार लागण्याची चौकट वेगळी. एका गेममधले १०० इजागुण दुसऱ्यात नगण्य असतील किंवा सगळ्यांना लोळवतील. हे जुळवायचं काम प्रत्येक वस्तूमागे दुसऱ्या स्टुडिओने करायचं आणि विक्रीचा पैसा पहिल्या स्टुडिओला मिळून गेलेला. हे काम कोण कशाला करेल?

वेगाचा प्रश्नही आहेच. नेमबाजीचे ऑनलाइन गेम सेकंदाला साधारण ६० वेळा जगाची स्थिती ताजी करतात. इथेरियमवर नवा ब्लॉक सुमारे १२ सेकंदांनी येतो. त्यामुळे असा वेगवान खेळ साखळीवर चालतच नाही, फार तर मालकीची नोंद चालते. २०१४ च्या ‘हंटरकॉइन’ या गेमने चालीसुद्धा साखळीवर आणल्या होत्या. नकाशावर फिरून नाणी वेचायची होती. ती माणसांपेक्षा बॉटनीच, म्हणजे आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रामनीच, जास्त वेचली.

मांजरं आणि अॅक्सी

लोकांच्या नजरेत विषय आला तो नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस, ‘क्रिप्टोकिटीज’मुळे. ईआरसी-७२१ हे एनएफटी बनवण्याचं सामायिक प्रमाण याच मंडळींच्या कामातून घडलं. दोन मांजरांपासून तिसरं जन्माला घालायचं आणि विकायचं, इतकाच खेळ. डिसेंबरमध्ये इथेरियमवरच्या एकूण वर्दळीचा दहा टक्क्यांहून मोठा वाटा मांजरांचा होता. व्यवहार तुंबले आणि जन्माची फी ०.००१ वरून ०.००२ ईथर (इथेरियमचं चलन) करावी लागली. मूळ पिढीच्या मांजरांवर ५०,००० ची मर्यादा होती, पण पिल्लांच्या संख्येवर नव्हती. पिल्लं वाढली, भाव बसले. गंमत म्हणजे त्याच महिन्यात गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाने बिटकॉइन स्वीकारणं बंद केलं, कारण व्यवहाराची फी कधीकधी २० डॉलरच्या आसपास जात होती.

मर्यादा नसलेल्या पिल्लांचा हा धडा ‘अॅक्सी इन्फिनिटी’ने मोठ्या प्रमाणावर पुन्हा गिरवला. व्हिएतनामच्या स्काय मॅव्हिसचा हा गेम. खेळायला तीन अॅक्सी, म्हणजे एनएफटी असलेले लढाऊ प्राणी, विकत घ्यावे लागत. लढाया जिंकल्या की एसएलपी टोकन मिळत. एसएलपीचा खप एकाच ठिकाणी होता, नवे अॅक्सी जन्माला घालताना. एका अॅक्सीपासून जास्तीत जास्त सात वेळा पिल्लं काढता येत आणि दर खेपेला खर्च वाढे.

हिशेब सोपा आहे. समजा, हजार खेळाडू रोज प्रत्येकी १०० एसएलपी कमावतात. रोज एक लाख टोकन बाजारात येणार. ती जिरवायची तर तेवढे अॅक्सी जन्माला यायला हवेत आणि ते घ्यायला नवे खेळाडू हवेत. हे नवे खेळाडू दुसऱ्या दिवसापासून स्वतः एसएलपी काढू लागणार, म्हणजे पुढची भरती आणखी मोठी हवी. ओघ मंदावला, की पुरवठा तोच आणि मागणी शून्याकडे. २०२१ च्या मध्यात ३० सेंटच्या वर गेलेला एसएलपी वर्षभराने एका सेंटच्याही खाली होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने एकट्याने खेळायच्या मोहिमा आणि रोजची कामं यांवरचा एसएलपी बंद केला. तोवर उशीर झाला होता.

मधल्या काळात फिलिपीन्समध्ये महासाथीत काम गेलेल्या अनेकांनी यावर घर चालवलं, हे खरं आहे. तीन अॅक्सी परवडत नसतील तर ते ‘स्कॉलरशिप’वर मिळत, म्हणजे मालक प्राणी देणार आणि कमाईत वाटा घेणार. वाटेकरी शेतीची पद्धत माहीत असलेल्यांना हे नवं वाटू नये. समर्थक रोजगार दाखवत राहिले, टीकाकार तो पैसा कुठून येतो ते विचारत राहिले.

मग रोनिनची चोरी. इथेरियमची फी परवडत नाही म्हणून अॅक्सीचे व्यवहार रोनिन नावाच्या स्वतंत्र साखळीवर हलवले होते. तिच्या पुलावरून, म्हणजे दोन साखळ्यांमधल्या दुव्यावरून, पैसे काढायला नऊपैकी पाच प्रमाणकांच्या (व्यवहार तपासणाऱ्यांच्या) सह्या पुरत. सहीच्या चार किल्ल्या स्काय मॅव्हिसकडेच होत्या. पाचवी अॅक्सी डीएओची, म्हणजे टोकनधारकांच्या सामूहिक संघटनेची. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये वर्दळ वाढली म्हणून डीएओने आपल्या वतीने सही करायची मुभा कंपनीला दिली होती. डिसेंबरात व्यवस्था संपली, मुभा मात्र काढून घ्यायची राहिली. २३ मार्च २०२२ रोजी १,७३,६०० ईथर आणि २.५५ कोटी यूएसडीसी (डॉलरशी जोडलेलं क्रिप्टोचलन) गेले, तेव्हाच्या भावाने ६० कोटी डॉलरहून अधिक. सहा दिवस कुणाला पत्ता नव्हता. एका ग्राहकाला ५,००० ईथर काढता येईनात तेव्हा उघड झालं. एफबीआयने ठपका उत्तर कोरियाशी जोडलेल्या लाझारस गटावर ठेवला. विकेंद्रित म्हणवणाऱ्या साखळीच्या पाच किल्ल्या एकाच कंपनीतून मिळाल्या, हे विरोधकांना आयतं सापडलं.

खेळाडू इतके का चिडले

पैशांच्या लोभाविरुद्धचा हा राग आधीच साठलेला होता. २०१७ मध्ये ‘बॅटलफ्रंट २’च्या लूट बॉक्सवरून, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्यांवरून, वादळ झालं, २०१८ मध्ये बेल्जियमने असे बॉक्स जुगाराच्या कायद्याखाली आणले. त्यानंतर २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ. टंचाईला कारणं अनेक होती, पण ईथरच्या मायनिंगसाठी, म्हणजे संगणक राबवून नवं चलन मिळवण्यासाठी, कार्डं उचलली जात होती हेही उघड होतं आणि कार्डं बनवणाऱ्या एनव्हीडियाला आरटीएक्स ३०६० वर मायनिंगचा वेग मुद्दाम कमी करावा लागला. कार्डासाठी महिनोन्महिने थांबलेल्या गेमरला त्याच साखळीवरची टोपी विकायला जाणं म्हणजे जखमेवर मीठ.

स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्वने ऑक्टोबर २०२१ मध्ये क्रिप्टो किंवा एनएफटी देणाऱ्या, त्यांची अदलाबदल करू देणाऱ्या गेमना स्टीमवर बंदी घातली. प्रतिस्पर्धी दुकान चालवणाऱ्या एपिकच्या टिम स्वीनी यांनी आमचं दार उघडं आहे म्हणून सांगितलं. डिसेंबरात यूबीसॉफ्टने ‘क्वार्ट्झ’ आणलं: ‘घोस्ट रिकन ब्रेकपॉइंट’मध्ये अनुक्रमांक कोरलेल्या वस्तू, कमी वीज खाणाऱ्या टेझोस साखळीवर. त्यातल्या एका हेल्मेटसाठी ६०० तास खेळलेले असणं ही अट होती. घोषणेच्या व्हिडिओवर नापसंतीचा असा पाऊस पडला, की तो यादीतून लपवला गेला. काही महिन्यांतच त्या गेमसाठी नवी सामग्री बंद झाली, आणि क्रमांक कोरलेली हेल्मेटं ओस पडत चाललेल्या गेममध्ये राहिली. ‘स्टॉकर २’च्या निर्मात्यांनी त्याच महिन्यात एनएफटी जाहीर करून जवळजवळ लगेच रद्द केले, टीम१७ ने ‘वर्म्स’चे एनएफटी फेब्रुवारी २०२२ च्या पहिल्याच दिवशी गुंडाळले, घोषणेनंतर एका दिवसात. जुलैत मोजांगने ‘माइनक्राफ्ट’मध्ये एनएफटीला मनाई केली. इतरांच्या गेमवर टोकन उभारणाऱ्यांना आपली इमारत परक्या जमिनीवर असल्याचं त्या दिवशी कळलं.

ब्लॉकचेन फार वीज खाते हा आक्षेप मात्र आता जुना झाला. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंग सोडलं आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. अजूनही तोच मुद्दा पुढे करणारे विरोधक स्वतःची बाजू कमकुवत करतात.

दक्षिण कोरियात वाद कायद्याने आधीच सोडवलेला होता. २००६ मधल्या ‘सी स्टोरी’ या जुगारी आर्केड यंत्रांच्या घोटाळ्यानंतर गेममधल्या मिळकतीच्या रोख अदलाबदलीवर बंधनं आली. त्याच आधारावर तिथल्या वर्गीकरण समितीने कमाईच्या ब्लॉकचेन गेमना प्रमाणपत्र नाकारलं, आणि २०२३ मध्ये न्यायालयाने तिची बाजू उचलून धरली. कोरियन कंपन्या असे गेम बनवतात, विकतात परदेशात.

मालकीच्या दाव्याची सर्वांत कोरडी परीक्षा ‘एफ१ डेल्टा टाइम’ने घेतली. २०१९ मध्ये त्यातली ‘१-१-१’ ही गाडी ४१५.९ ईथरला, म्हणजे तेव्हाच्या एक लाखाहून अधिक डॉलरना गेली. फॉर्म्युला वनचा परवाना वाढवून मिळाला नाही आणि १६ मार्च २०२२ रोजी गेम बंद पडला. टोकन मालकाच्या वॉलेटमध्ये सुखरूप होतं. ते चालवायला शर्यत उरली नव्हती. कंपनीने दुसऱ्या गेममध्ये बदली गाड्या देऊ केल्या, म्हणजे पुन्हा तिच्याच मर्जीवर.

त्यानंतरचे स्टुडिओ शब्द जपून वापरतात. वॉलेट खात्याच्या मागे दडवतात, फी स्वतः भरतात, ‘ऑफ द ग्रिड’सारख्या नेमबाजीच्या गेममध्ये टोकनचा भाग ऐच्छिक ठेवतात.

दुसरीकडे, ब्लॉकचेनला दार बंद करणाऱ्या व्हॉल्वचा स्वतःचा स्किनबाजार, म्हणजे शस्त्रांच्या रंगरूपाचा बाजार, २०१३ पासून जोरात आहे, सगळा एका खाजगी डेटाबेसवर. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या एका अपडेटने पाच लाल, म्हणजे ‘कोव्हर्ट’ दर्जाच्या स्किन देऊन चाकू किंवा हातमोजे मिळवायची सोय केली. चाकूंचे भाव काही तासांत कोसळले, लाल स्किनचे उसळले. एकाही खेळाडूची एकही वस्तू कुणी काढून घेतली नव्हती.