‘आता इथं करायचं काय?’ : सँडबॉक्स गेममधल्या पहिल्या प्रश्नाची पार्श्वभूमी

‘ईव्ह ऑनलाइन’ या अवकाशात घडणाऱ्या, अनेकांनी मिळून खेळायच्या गेममध्ये नव्यानं शिरणाऱ्याला एक लहानसं जहाज मिळतं, थोडे पैसे मिळतात आणि भोवती हजारो सूर्यमाला पसरलेल्या असतात. सुरुवातीचे धडे संपले की खेळ गप्प बसतो. पुढची दिशा दाखवणारा बाण नसतो, कुणाच्या डोक्यावर पिवळं उद्गारचिन्हही नसतं. मग नवख्यांसाठी ठेवलेल्या चॅटमध्ये प्रश्न उमटतो : आता इथं करायचं काय? हा गेम ६ मे २००३ रोजी सुरू झाला. तेव्हापासून हा प्रश्न काही बदललेला नाही.

विचारणाऱ्याला बरेचदा वाटतं की आपल्याला गेम कळलाच नाही, बाकीच्यांना सगळं ठाऊक आहे. हा गैरसमज दूर व्हावा म्हणून ही पार्श्वभूमी लिहितो आहे. हा प्रश्न ईव्हपेक्षाही जुना आहे, आणि गेम बनवणारेही चार दशकं त्याच्याशी झुंजत आले आहेत.

बांधकामाशेजारच्या वाळूच्या ढिगावर जो खेळला आहे त्याला ‘सँडबॉक्स’ (वाळूचा हौद), म्हणजे ध्येय खेळणाऱ्यानंच ठरवायचा खेळ, हा शब्द समजावून सांगायला नको. लगोरी पुन्हा रचली गेली की डाव संपतो. पण पावलावर ओली वाळू थापून केलेल्या खोप्यात कोण जिंकणार? दिवाळीचा किल्ला पुरा झाला की नाही, हेही तो बांधणारी मुलंच ठरवतात. संगणकावरचे खेळ सुरुवातीला लगोरीच्या वाटेनं गेले आणि त्याला धंद्याचं कारण होतं. आर्केडमधल्या यंत्राची कमाई नाण्यांवर होती, म्हणून डाव लवकर संपायला हवा होता. तीन जीव आणि वर झळकणारा स्कोअर ही पद्धत त्यातूनच रुळली आणि घरच्या संगणकावरही आली.

ती मोडली केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी. डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल यांचा ‘एलिट’ सप्टेंबर १९८४ मध्ये बीबीसी मायक्रो संगणकावर आला. त्याआधी थॉर्न ईएमआय या कंपनीनं तो नाकारला होता. तीन जीव हवेत, स्कोअर हवा, दहाएक मिनिटांत डाव आटपायला हवा, अशी त्यांची अपेक्षा होती, असं ब्रेबेन यांनी पुढे सांगितलं. एलिटमध्ये हातात शंभर क्रेडिट आणि एक जहाज देऊन आठ आकाशगंगांत मोकळं सोडलं जायचं. प्रत्येक आकाशगंगेत २५६ ग्रह. व्यापार करा, चाचेगिरी करा, चाच्यांची शिकार करा, खडक फोडा. तरी दोघांनी एक शिडी ठेवलीच : ‘निरुपद्रवी’पासून ‘एलिट’पर्यंतच्या पायऱ्या. शेवटच्या पायरीसाठी ६,४०० जहाजं पाडावी लागत. मोकळं रान देतानाही कुठेतरी एक आकडा ठेवावासा वाटला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पुढे जवळजवळ प्रत्येक सँडबॉक्समध्ये हेच झालं आहे.

एलिट एकट्यानं खेळायचा गेम होता. अनेकांनी मिळून एकाच जगात वावरण्याची गोष्ट वेगळ्या ठिकाणी सुरू झाली होती. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये ‘मड’ हे केवळ मजकुरावर चालणारं जग लिहायला घेतलं आणि रिचर्ड बार्टल यांनी ते पुढे नेलं. इथे खजिना शोधून दलदलीत टाकला की गुण मिळायचे आणि पुरेसे गुण झाले की माणूस ‘विझर्ड’ व्हायचा. म्हणजे ध्येय ठरवून दिलेलं होतं. तरीही सगळे त्याच्यामागे धावत नव्हते. कुणी नुसत्या गप्पा मारत बसे, तर कुणी नकाशाचे कानेकोपरे धुंडाळत राही. १९८९-९० च्या सुमारास मडच्या जुन्या खेळाडूंत यावर काही महिने वाद चालला : लोकांना या जगाकडून नेमकं हवं तरी काय? त्या वादातून बार्टल यांनी १९९६ मध्ये चार प्रकारांची मांडणी केली. काहींना गाठायला काहीतरी हवं असतं, काहींना शोधायला, काहींना माणसं हवी असतात आणि काहींना दुसऱ्यावर मात करायची असते. आज या मांडणीची चाचणी करून ‘तुम्ही कोणत्या प्रकारचे’ असं सांगितलं जातं. मूळ वाद मात्र एकच जग इतक्या वेगवेगळ्या हेतूंनी येणाऱ्यांना कसं पुरावं, याचा होता.

लुकासफिल्म गेम्सच्या ‘हॅबिटॅट’ची हकिकत याहून बोलकी आहे. कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर, टेलिफोनच्या तारेतून चालणारं हे चित्रमय जग १९८६ मध्ये चाचणीसाठी उघडलं. ते उभारणाऱ्या चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी पुढे अनुभव लिहून ठेवले. त्यांनी खेळाडूंसाठी एक मोठी शोधमोहीम रचली होती. त्यासाठी शंभर दृश्यांचं एक बेट बांधलं, त्यात आठवडे गेले. खेळाडू कित्येक दिवस यात गुंततील असा अंदाज होता. एका खेळाडूला कळीचा धागा पहिल्या पंधरा मिनिटांत सापडला आणि सुमारे आठ तासांत सगळं कोडं सुटलं. अनेकांची तर अजून सुरुवातही झाली नव्हती. त्यानंतर दोघांनी धोरण बदललं : खेळाडू काय करताहेत ते बघायचं आणि त्यांना हातभार लावायचा. त्या जगात मग खेळाडूंनी काढलेलं वर्तमानपत्र आलं, लग्नं लागली. वरून वाटलेलं ध्येय फार लवकर खाऊन संपतं, हे १९८६ मध्येच कळलं होतं. दुर्दैवानं पुढच्या प्रत्येक पिढीला ते नव्यानं शिकावं लागलं.

‘अल्टिमा ऑनलाइन’ सप्टेंबर १९९७ मध्ये आला आणि सँडबॉक्सची कल्पना पहिल्यांदा मोठ्या गर्दीसमोर गेली. इथे योद्धा किंवा जादूगार असा साचा निवडायचा नव्हता. जे काम कराल त्यात हात बसत जाई आणि सगळ्या कौशल्यांची बेरीज सातशे गुणांपुढे जात नसे, त्यामुळे काय सोडायचं हेही ठरवावं लागे. शिंपी, लोहार, आचारी म्हणून जगणारे लोक होते. जंगलात लांडगे, हरणं आणि मेंढ्या यांची एकमेकांवर जगणारी साखळीही आखलेली होती. खेळाडूंनी दिसेल ते जनावर इतक्या झपाट्यानं मारलं की ती साखळी उभीच राहिली नाही. माणसंही मारली जाऊ लागली. शहराबाहेर पाऊल टाकलेल्या नवख्याला लुटणं हेच काहींचं ध्येय बनलं. अखेर २००० मध्ये जगाची दुसरी प्रत काढावी लागली. तिथे परवानगीशिवाय कुणावर हल्ला करता येत नव्हता. बहुतेक लोक तिकडे राहायला गेले. त्यावर जुने खेळाडू अजूनही भांडतात. मला दोन्ही बाजू पटतात : भीती गेली तसं रस्त्यावरचं नाट्यही गेलं, पण ज्याला फक्त भाकऱ्या भाजायच्या होत्या त्याचंही ते जग होतंच.

नोव्हेंबर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला आणि वारं फिरलं. डोक्यावर उद्गारचिन्ह असलेल्या माणसाकडे जायचं, काम घ्यायचं, करून परत यायचं, पुढची पातळी गाठायची. ‘काय करू?’ हा प्रश्नच उरत नव्हता आणि म्हणून लाखो लोक पहिल्यांदा ऑनलाइन जगात रमले. याचा फटका ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’ला बसला. २००३ च्या त्या गेममध्ये तीसहून अधिक पेशे होते. त्यांत मद्यगृहात नाचणारे आणि वाद्य वाजवणारेही होते आणि थकलेले लढवय्ये त्यांच्यापुढे येऊन बसत. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीनं हे सारं मोडून नऊ ठराविक भूमिका आणल्या. ज्यांनी दोन-अडीच वर्षं आपला पेशा घडवला होता त्यांचं काम एका रात्रीत पुसलं गेलं. लोक सोडून गेले. डिसेंबर २०११ मध्ये सर्व्हर बंद झाले. खेळाडूंनी स्वतः ठरवलेली ध्येयं किती खरी असतात, हे त्या रागावरून कळलं.

ईव्ह या वादळातून टिकला तो काहीसा हट्टानं. आइसलंडच्या रेक्याविकमध्ये १९९७ मध्ये स्थापन झालेल्या सीसीपी या कंपनीनं भांडवलासाठी आधी एक पटावरचा खेळ काढून विकला. त्यांच्या डोक्यात एलिट होता, फक्त त्यात सगळ्यांना एकत्र सोडायचं होतं. चीनसाठीचा वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे लोक एकाच विश्वात खेळतात. घड्याळही सगळ्यांचं एकच असतं. रोजची देखभाल सकाळी अकराला होते, म्हणजे नाशिकच्या किंवा पणजीच्या खेळाडूसाठी दुपारी साडेचारला.

कौशल्यं इथे खऱ्या वेळेत वाढतात, तुम्ही झोपलेले असतानाही. त्यामुळे नवख्याला पहिला धसका बसतो : दहा वर्षं आधी आलेल्याला मी गाठणार कधी? एकूण बेरजेत कधीच नाही. पण प्रत्येक कौशल्याला पाचव्या पातळीचं छप्पर आहे. एखादं लहान जहाज नीट चालवण्यापुरती कौशल्यं घेतली की त्या जहाजात तुम्ही जुन्या माणसाच्या जवळ येता. आणि लहान जहाजाला इथे मोल आहे. शत्रूचं महाकाय जहाज पळून जाऊ नये म्हणून त्याचं इंजिन अडवून धरायचं काम, ज्याला खेळाडू ‘टॅकल’ म्हणतात, ते महिनाभराचा नवखाही करतो. २००६ च्या सुमारास गूनस्वॉर्म या गटानं हे ओळखलं. त्यांच्याकडे नवखेच जास्त होते. त्यांनी स्वस्त जहाजांचे थवे करून मातब्बरांवर सोडले आणि पुढे त्या विश्वातल्या सर्वांत बलाढ्य गटांपैकी एक बनले.

नवख्यांना मदत करण्याचे कंपनीचे प्रयत्न मात्र अनेक वर्षं चाचपडत राहिले. सुरुवातीच्या काळात ‘शिकण्याची कौशल्यं’ नावाचा प्रकार होता, ज्यानं बाकीची कौशल्यं लवकर वाढत. जाणकार सांगत, आधी तीच घे. म्हणजे पहिले काही आठवडे शिकायची तयारी शिकण्यात जायचे. डिसेंबर २०१० मध्ये ती रद्द झाली. २०१४ च्या फॅनफेस्ट या वार्षिक मेळाव्यात सीसीपीच्या डिझायनरांनी ढोबळ हिशोब मांडला. वर्गणी भरणाऱ्या नव्यांपैकी निम्मे लवकरच सोडून जातात, चाळीस टक्के एकट्यानं मोहिमा करत जहाज मोठं करत राहतात आणि दहा टक्केच इतरांत मिसळून वेगवेगळं काही करू लागतात. जास्त काळ टिकतात ते हे दहा टक्के. पुढच्या वर्षी आणखी एक निरीक्षण आलं : सुरुवातीलाच दुसऱ्या खेळाडूच्या हातून जहाज गमावलेले नवखे, न गमावलेल्यांपेक्षा अधिक टिकून राहतात. अनेकांना ते उलटं वाटलं. मला त्यात नवल वाटत नाही. ज्यानं लुटलं त्याला नाव असतं, त्याचा गट असतो, तो सापडू शकतो. जहाज फुटल्यावर माणूस पहिल्यांदा कुणालातरी विचारतो, हे कसं झालं?

उत्तर देणारी माणसं कंपनीच्या आधीच तयार होती. ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’ हा खेळाडूंनीच काढलेला गट २००४ पासून नवख्यांना शिकवतो आहे. त्यांचे वर्ग होतात, त्यांनी लिहिलेला विकी विरोधी गटांचे लोकही वाचतात. ‘सिग्नल कार्टेल’ या गटाचं ध्येय शोधयात्रा हे आहे, आणि वर्महोलमध्ये, म्हणजे वाटा सतत बदलणाऱ्या अवकाशात, अडकून पडलेल्यांना बाहेर काढण्याची सेवाही त्यांच्यातूनच उभी राहिली. हे काम कुठल्याही मोहिमेच्या यादीत नव्हतं.

दरम्यान ‘माइनक्राफ्ट’नं याच प्रश्नाचं साधं उत्तर शोधलं होतं. मे २००९ मध्ये लोकांपुढे आलेल्या त्या गेममध्ये अनेक वर्षं धडा असा नव्हताच. कुदळ कशी बनवायची हे मित्राकडून किंवा विकीवरून कळायचं. पण टिकून राहण्याच्या खेळात सूर्य होता. दहा मिनिटांचा दिवस मावळला की राक्षस येत. म्हणजे पहिलं ध्येय अंधारानं दिलं : रात्रीआधी छप्पर. सकाळ झाल्यावर त्या छपराला खिडकी हवी का, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं. ईव्हच्या अवकाशात रात्र होत नाही, हीच त्याची अडचण होती.

जानेवारी २०१४ मध्ये ईव्हमधल्या बी-आर५आरबी या सिस्टीममध्ये, म्हणजे सूर्यमालेत, प्रदेशाचा ताबा ठेवण्याची रक्कम वेळेवर भरली गेली नाही, त्यातून सुमारे एकवीस तासांचं युद्ध पेटलं आणि टायटन ही खेळातली सर्वांत मोठी जहाजं, त्यांतली ७५ नष्ट झाली. नुकसान खऱ्या पैशांत तीन लाख डॉलरच्या आसपास मोजलं गेलं. अशा बातम्या वाचून लोक येतात आणि हातात खडक फोडायचा लेझर पडतो. त्या दोन टोकांमधली वाट दाखवायला २०१६ मध्ये गोष्टीच्या रूपातला नवा धडा आला, त्याच वर्षी गेम फुकट खेळण्याची सोयही झाली. २०२२ मध्ये करिअरच्या चार वाटा मांडल्या गेल्या : शोधक, उद्योजक, बंदोबस्त करणारा आणि भाडोत्री लढवय्या. नवख्यानं त्या जरूर चालून बघाव्यात. पैसेही मिळतात आणि कशाचा कंटाळा येतो हे लवकर कळतं. तेवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

या चारांपैकी एकातही न बसणारी एक यात्रा मार्च २०१९ मध्ये पूर्ण झाली. कात्या साए नावाचं पात्र चालवणाऱ्या खेळाडूनं ईव्हमधल्या जाता येण्याजोग्या सगळ्या, म्हणजे ७,८०५ सिस्टीम पाहिल्या. त्यांत कायदा नसलेला प्रदेश होता आणि वाटा रोज बदलणारी वर्महोलही होती. जवळपास दहा वर्षं लागली आणि या वाटेवर एकही जहाज गमावलं नाही. कुणी हे सांगितलं नव्हतं, त्यासाठी बक्षीसही ठेवलेलं नव्हतं. नंतर कंपनीनं सायसिओ सिस्टीममध्ये त्या पात्राचं स्मारक उभारलं. ही सिस्टीम सुरक्षित भागातली आहे, पहिल्या आठवड्यातलं लहान जहाज घेऊनही तिथवर जाता येतं.